चर्चमधून लाइव्ह मिस्सा: गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात देवळातलं कीर्तन असो की चर्चचं फेस्त (संताचा सण), माइक आणि कॅमेरा लावायला बहुतेक वेळा माणसं तीच येतात. मी त्यांतलाच एक, डिचोलीकडचा, घरात मराठी. चर्चमधला प्रार्थनेचा क्रम आणि तिथली शिस्त मला शिकवली ती पाद्रींनी, कोयरच्या (गायकवृंदाच्या) मंडळींनी आणि चर्चची व्यवस्था बघणाऱ्या सांक्रिस्तांवाने. पॅरिश कौन्सिलचे लोक, परदेशात मुलं असलेले आईबाप आणि नव्याने कॅमेरा हातात घेतलेली पोरं मिस्सा (चर्चमधली सामुदायिक उपासना) लाइव्ह दाखवण्याबद्दल तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतो आहे.

लाइव्ह नेमकं कोणासाठी करायचं?

जो येऊ शकत नाही त्याच्यासाठी. हे एकदा मनाशी पक्कं केलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

प्रत्येक वाड्यावर दोन-चार घरं अशी असतात की जिथलं म्हातारं माणूस खाटेवरून उठू शकत नाही. त्याची मुलं कुवेत, मस्कत, दुबई किंवा इंग्लंडातल्या स्विंडनला. कोणी तारवटी, म्हणजे वर्षातले कित्येक महिने जहाजावर. शिवाय ज्यांचा रविवार कामातच जातो ती माणसं: हॉटेलातले कूक, नर्स, बसचे ड्रायव्हर. गोव्यात पर्यटनावर पोट असलेल्यांना डिसेंबरात, ऐन नाताळात, सुट्टी मिळणं सगळ्यात कठीण.

या यादीत आणखी काही घरं घाला. वसई, अहिल्यानगर, सिंधुदुर्गाकडून नोकरीसाठी गोव्यात आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबं. त्यांना कोंकणी मिस्सा समजते, पण प्रार्थना ओठावर येते ती मराठीतून. अशी कुटुंबं गावच्या चर्चला जातातच, आणि संध्याकाळी मोबाइलवर वसईकडची मराठी मिस्सा लावतात. म्हणजे लाइव्हचा प्रवास गोव्याबाहेर जातो तसाच बाहेरून गोव्यातही येतो.

हे सगळं कोरोनात सुरू झालं ना?

गावोगावी पोचलं ते कोरोनात, सुरू झालं त्याच्या कितीतरी आधी.

पहिलं चर्चमधलं रेडिओ प्रक्षेपण २ जानेवारी १९२१ चं, अमेरिकेत पिट्सबर्गच्या कॅलव्हरी एपिस्कोपल चर्चमधून. व्हॅटिकन रेडिओ १२ फेब्रुवारी १९३१ रोजी सुरू झाला आणि तो उभारून दिला खुद्द मार्कोनीने. १९४८ च्या नाताळात पॅरिसच्या नोत्र दामची मिस्सा टीव्हीवर दाखवली गेली. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रसारमाध्यमांवर स्वतंत्र आदेशपत्रच काढलं.

मला यातली सगळ्यात जवळची वाटते ती संत क्लाराची गोष्ट. असिसीची ही जोगीण (नन) आजारी होती, नाताळच्या रात्री चर्चला जाऊ शकली नाही, आणि तिला आपल्या खोलीतच ती प्रार्थना दिसली आणि ऐकू आली, अशी परंपरा सांगते. पोप बारावे पायस यांनी १९५८ मध्ये तिला टेलिव्हिजनची आश्रयदाती संत जाहीर केलं. तंत्र सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण तिच्यात कॅमेऱ्याचं काम कोणासाठी आहे ते स्पष्ट आहे: अंथरुणावरच्या माणसासाठी.

मग २०२० आलं. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २५ पासून देशभर टाळेबंदी, आणि १२ एप्रिलला ईस्टर. पवित्र आठवडा पुरता बंद दाराआड गेला. २७ मार्चला पोप फ्रान्सिस पावसात भिजलेल्या, रिकाम्या सेंट पीटर चौकात एकटे उभे राहिले आणि जगभरच्या लोकांनी ते स्क्रीनवर पाहिलं. त्यांच्या निवासस्थानातली, सांता मार्तातली, सकाळची मिस्सा ९ मार्चपासून १७ मेपर्यंत रोज थेट दाखवली जात होती. आपल्याकडे सीसीआर टीव्हीसारखी गोव्यातली कॅथलिक वाहिनी होतीच. आता गावची चर्चंही मोबाइल उभा करून फेसबुकवर आली. नंतर दारं उघडली, पण परदेशातली आणि खाटेवरची माणसं होती तिथेच राहिली. म्हणून लाइव्हही राहिलं.

घरी बसून पाहिली तर रविवारची मिस्सा घडली असं धरतात का?

कॅथलिक चर्चचं उत्तर सरळ आहे: नाही. रविवारचं कर्तव्य प्रत्यक्ष हजर राहून पूर्ण होतं. मात्र जो आजारी आहे, वयामुळे बाहेर पडू शकत नाही किंवा आजाऱ्याची सेवा करतो आहे, त्याच्यावर ते बंधन मुळातच नाही. त्यामुळे खाटेवरच्या आजीने "मी पाप करते आहे का?" म्हणून मनाला लावून घेण्याचं काहीच कारण नाही. हे तिला कोणीतरी, शक्यतो पाद्रीनेच, घरी जाऊन सांगायला हवं.

ऑगस्ट २०२० मध्ये व्हॅटिकनच्या उपासना विभागाने जगभरच्या बिशप परिषदांच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. प्रक्षेपणाने आजारी माणसांची मोठी सेवा झाली हे त्यात मान्य केलं आहे, आणि कुठलंही प्रक्षेपण प्रत्यक्ष सहभागाची जागा घेऊ शकत नाही हेही सांगितलं आहे. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात आहेत. लोक आपापल्या सोयीची एकच उचलतात.

ऑनलाइन कुमसार (पाद्रीसमोर पापांची कबुली) होतो का?

नाही. २००२ च्या 'चर्च आणि इंटरनेट' या व्हॅटिकनच्या दस्तऐवजात इंटरनेटवर संस्कार होत नाहीत असं स्पष्ट म्हटलं आहे. व्हिडिओ कॉलवर पाद्रीशी बोलता येईल, सल्ला मिळेल, प्रार्थना करता येईल. कुमसार समोरासमोर.

मग घरी पाहणाऱ्याने काय करावं?

टीव्ही चालू आणि हातात भाजी, असं नको, एवढंच. मेणबत्ती लावा, खुरीस (क्रूस) समोर ठेवा, उत्तरं मोठ्याने म्हणा. कम्युनियनच्या (पवित्र भाकरी घेण्याच्या) वेळी, ती घेता न येणाऱ्यांनी म्हणायची आध्यात्मिक कम्युनियनची प्रार्थना स्क्रीनवर लिहून दाखवली तर घरातल्यांना फार आधार होतो. आणि चर्चच्या लोकांनी पुढची पायरी विसरू नये. ज्या घरात लाइव्ह पाहिलं जातं त्या घरी कम्युनियन घेऊन जाणारं माणूस त्या आठवड्यात पोचलं पाहिजे. यादी बनवा. लाइव्हचा खरा उपयोग मला तिथे दिसतो.

गावच्या छोट्या चर्चला कमीत कमी काय लागेल?

एक बरा मोबाइल, एक भक्कम ट्रायपॉड, साउंड सिस्टिममधून आवाज घेणारी वायर, आणि त्या कामाची जबाबदारी घेतलेलं एक माणूस. एवढ्यावर सुरू करा. तीन कॅमेरे आणि स्विचर (एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जायचं यंत्र) घेऊन सुरुवात करणाऱ्या ठिकाणी सहा महिन्यांनी खोक्यांवर धूळ असते, कारण ते चालवणारा मुलगा कॉलेजला पुण्याला गेलेला असतो. दोन-तीन जणांना एकदम शिकवा, आणि वायरींवर चिठ्ठ्या चिकटवा.

पैसा खर्चायचाच असेल तर आधी आवाजावर, मग इंटरनेटवर, मग बॅटरीवर आणि सगळ्यात शेवटी कॅमेऱ्यावर. लॅपटॉप असेल तर ओबीएस स्टुडिओ हे लाइव्ह पाठवण्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे.

मोबाइलबाबत एक अडचण माहीत असू द्या. यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायला परवानगी लागते, आणि ती मिळायला २४ तासांपर्यंत वेळ जातो. मोबाइलवरून थेट जायचं तर चॅनेलला किमान ५० सबस्क्रायबर हवेत. लॅपटॉपवरून ही अट नाही. फेस्ताच्या सकाळी हे कळलं तर काही इलाज नसतो, म्हणून आठवडाभर आधी एक चाचणी लाइव्ह खासगी ठेवून करून बघा.

चित्र चांगलं येतं, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा. असं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि माझ्या मते याचं उत्तर बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं आहे. चित्र गेलं तरी मिस्सा ऐकता येते. आवाज गेला तर उरतं ते फक्त पांढऱ्या झग्यातलं हलणारं माणूस.

आपली जुनी चर्चं उंच, रुंद, चिऱ्याच्या भिंतींना चुन्याचा गिलावा केलेली. आवाज भिंतीवर आपटून पुन्हा पुन्हा परत येतो. आत बसलेल्याला तो गोड वाटतो, कारण त्याचे कान आणि डोळे मिळून पाद्रीचा आवाज वेगळा काढतात. मागच्या बाकावर ठेवलेल्या मोबाइलच्या माइकला ते जमत नाही. त्याला स्पीकरचा आवाज, भिंतींचा आवाज, पंख्याची घरघर आणि शेजारच्या बाळाचं रडणं सगळं सारखंच.

उपाय असा. आल्तारावरचे (वेदीवरचे) माइक ज्या मिक्सरला, म्हणजे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राला, जातात, त्या मिक्सरच्या 'ऑक्स' आउटमधून वेगळी वायर काढा. मेन आउटमधून नको. मेनमधला आवाज हॉलसाठी जुळवलेला असतो. ऑक्समधून घेतला की लाइव्हसाठी कोणता माइक किती ठेवायचा हे स्वतंत्र ठरवता येतं.

ही वायर थेट मोबाइलच्या भोकात घालू नका. मिक्सरचा आवाज मोबाइलच्या माइकसाठी फार तगडा असतो, तो फाटतो. मध्ये एक छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस लावा. वायरीतून 'हम्म्' असा सततचा गुणगुणाट येत असेल तर बहुधा अर्थिंगचा घोळ आहे. मिक्सर आणि लॅपटॉप एकाच बोर्डवर लावून बघा, तरीही राहिला तर आवाजाच्या वायरीत मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, फार महाग नाही.

आता दुसरी अडचण येते. फक्त मिक्सरचा आवाज घेतला की पाद्री स्वच्छ ऐकू येतात, पण कोयर गायब. कारण बऱ्याच चर्चमध्ये कोयर वरच्या माडीवर, आणि त्यांचा आवाज मिक्सरमध्ये येतच नाही किंवा अगदी थोडा येतो. लोकांची उत्तरंही गायब. घरची आजी मग रिकाम्या चर्चमधली मिस्सा ऐकते आहे असं वाटतं. म्हणून माडीच्या कठड्यावर एक माइक कोयरकडे तोंड करून आणि एक लोकांच्या दिशेने लावा. हे दोन्ही फक्त लाइव्हला जातील असे ठेवा, हॉलच्या स्पीकरला नकोत, नाहीतर शिट्टी वाजेल. लोकांचा माइक अगदी हळू: "आमेन" म्हटलेलं जेमतेम ऐकू आलं तरी पुरे. तेवढ्याने घरातला माणूस एकटा राहत नाही.

लॅपटॉपवर कॅमेऱ्याचं चित्र आवाजाच्या थोडं मागे पडतं. ओबीएसमध्ये आवाजाला मिलिसेकंदांत उशीर देता येतो. पाद्री टाळी वाजवून दाखवतील तेव्हा ओठ-हात-आवाज जुळवून घ्या. बहुतेक वेळा १०० ते २०० मिलिसेकंदांत काम होतं.

आणि एक माणूस हेडफोन लावून शेवटपर्यंत बसलेलाच हवा. जून ते सप्टेंबर कौलांवर पाऊस कोसळला की लोकांचा माइक लगेच बंद करावा लागतो.

कॅमेरा कुठे ठेवावा?

मधल्या वाटेच्या शेवटी किंवा माडीवर, लोकांच्या डोक्यावरून. आल्ताराच्या मागचं सोनेरी काम आणि पांढरी वस्त्रं यांमुळे कॅमेरा गोंधळतो आणि चेहरा काळा पडतो. एक्स्पोजर (उजेडाची पातळी) चेहऱ्यावर धरून लॉक करा, रंगही लॉक करा. कॉन्सेक्रेशनच्या वेळी (पाद्री भाकरी आणि द्राक्षारस पवित्र करतात तेव्हा) कॅमेरा हलवू नका, झूमही नको. कम्युनियन घेणाऱ्यांचे चेहरे जवळून कधीच दाखवू नका. त्या वेळी कॅमेरा आल्तारावर किंवा कोयरवर.

इंटरनेट किती हवं?

डाउनलोडचा आकडा बघू नका, अपलोडचा बघा. ७२०पी चित्राला साधारण ४ एमबीपीएस लागतात. त्याच्या दुप्पट अपलोड हाताशी असेल तर निवांत राहता येतं. ४ एमबीपीएसने एक तास म्हणजे सुमारे १.८ जीबी. फायबर असेल तर उत्तम, आणि वाय-फाय न वापरता केबलच लावा. फेस्ताला हजारभर मोबाइल आवारात आले की टॉवर गुदमरतो, म्हणून फक्त सिमकार्डावर विसंबू नका. मागे दुसऱ्या कंपनीचं सिम तयार ठेवा.

१०८०पीचा हट्ट नको. जहाजावरच्या तारवट्याकडे उपग्रहाचं इंटरनेट तोकडं असतं, त्याला तेवढं चित्र परवडतच नाही. अशांसाठी मी सुचवतो ते असं: मिस्सा संपल्यावर प्रवचनाचा फक्त आवाज कापून व्हॉट्सॲपवर पाठवा. दहा मिनिटांचं प्रवचन काही एमबींत मावतं, आणि तो ते सवडीने, शिफ्ट संपल्यावर ऐकतो.

वीज गेली तर?

जाणारच, पावसाळ्यात तर हमखास. राउटर, लॅपटॉप आणि मिक्सर या तिघांना यूपीएस द्या. चर्चचा जनरेटर सुरू व्हायला लागणारा वेळ यूपीएसने निभावला की लाइव्ह तुटत नाही. तुटलंच तर त्याच लिंकवर पुन्हा जोडा. नवीन लिंक काढली की म्हातारी माणसं हरवतात.

यूट्यूब, फेसबुक की झूम?

यूट्यूब, कारण ते टीव्हीवर लागतं आणि आजीला टीव्हीच चालवता येतो. फेसबुकवर तरुण आणि परदेशातले नातेवाईक भेटतात, त्यामुळे जमलं तर दोन्हीकडे. झूम मिस्सेसाठी नको, पण घरोघरच्या तेर्सासाठी (जपमाळेच्या प्रार्थनेसाठी), बायबल अभ्यासासाठी, पावसाळ्यात रद्द झालेल्या खुरसाकडच्या लदाईनीसाठी (गाऊन म्हणायच्या प्रार्थनेसाठी) उत्तम. तिथे सगळ्यांना एकमेकांचे चेहरे दिसतात आणि प्रत्येकाला एक प्रार्थना म्हणता येते.

वेळ कोणती ठेवावी?

गावची वेळ बदलू नका. सकाळी ७ ची मिस्सा म्हणजे दुबईत साडेपाच, कुवेतला साडेचार, आणि इंग्लंडात हिवाळ्यात रात्रीचा दीड. तेव्हा कोणी जागं राहणार नाही. रेकॉर्डिंग दिवसभर ठेवा आणि लिंक ठरलेल्या वेळी पाठवा.

मोठ्या फेस्तांना वेगळं काय लागतं?

जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचं फेस्त ३ डिसेंबरला आणि त्याआधी नऊ दिवस नोव्हेना. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात त्यांच्या पवित्र अवशेषांचं दर्शन होतं. दहा वर्षांनी येणाऱ्या या सोहळ्यासाठी अवशेष बॉम जीझस बासिलिकातून से कॅथेड्रलमध्ये नेले होते, आणि त्या दिवसांतल्या मिस्सा ऑनलाइनही दाखवल्या गेल्या. रांगेत उभं राहणं ज्यांना शक्य नव्हतं त्यांच्यासाठी ती सोय फार मोलाची होती.

म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या (मारिया मातेच्या) फेस्ताला हिंदूही तेल वाहायला येतात. ईस्टरच्या तिसऱ्या रविवारनंतरचा सोमवार हा त्याचा दिवस. असल्या ठिकाणी लाइव्ह पाहणाऱ्यांत दोन्ही धर्मांची घरं असतात, हे निवेदन करणाऱ्याने ध्यानात ठेवावं आणि आता काय चाललं आहे ते अधूनमधून साध्या शब्दांत सांगावं. आमच्या घरची मंडळीही असंच पाहतात, आणि कोणी समजावून सांगितलं तर त्यांना बरं वाटतं.

मोठ्या फेस्तासाठी तांत्रिक सल्ला एकच: आवारातल्या बँडचा आणि फटाक्यांचा आवाज धरून माइकची पातळी आदल्या दिवशी नव्हे, त्याच वेळी ठेवा.

मराठीत काही द्यावं का? इथे तर सगळं कोंकणीत चालतं.

मिस्सा कोंकणीत आहे ती कोंकणीतच राहू द्या. पण व्हिडिओखाली त्या दिवशीच्या वाचनांचा संदर्भ आणि प्रवचनाचा चार ओळींचा सारांश देवनागरीत, मराठीतूनही दिला तर त्याला लागतात दहा मिनिटं. वर सांगितलेली मराठी कुटुंबं, आणि सत्तरी, डिचोली, पेडण्याकडचे मराठी वाचणारे शेजारी, सगळ्यांना ते उघडून वाचता येतं.

ही काही नवी कल्पना नाही. १५५६ मध्ये गोव्यात छापखाना आला. १५७९ मध्ये आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स साष्टीत राहिले आणि त्यांनी ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तपुराण रचलं, जे १६१६ मध्ये राशोलला छापून निघालं. लोकांच्या कानाला सवय होती ती ओवीची, म्हणून त्यांनी ओवी घेतली. आज लोकांच्या हातात मोबाइल आहे.

यूट्यूबच्या आपोआप येणाऱ्या मथळ्यांवर मात्र भरवसा ठेवू नका. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी वाचनांचा मजकूर आधीच तयार असतो; तो ओबीएसमधून स्क्रीनच्या खालच्या पट्टीत मोठ्या अक्षरांत लावा.

गाण्यांमुळे व्हिडिओ बंद पडेल का?

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खऱ्या धार्मिक विधीदरम्यानच्या सादरीकरणाला सूट आहे. पण यूट्यूबची यंत्रणा कायदा वाचत नाही, ती आवाज जुळवते. कोयरने स्वतः गायलेलं स्तोत्र सहसा अडत नाही. मिस्सा सुरू होण्याआधी 'वाट पाहा' या पाटीमागे कोणाची तरी सीडी लावली की अडतं. त्या पाच मिनिटांसाठी आपल्याच ऑर्गनवाल्याचं वाजवणं रेकॉर्ड करून ठेवा.

मुलांचे चेहरे, अंत्यविधी: काय दाखवावं?

पहिल्या कम्युनियनला पालकांकडून लेखी संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती सांगितलेली आहे, आणि कायदा नसता तरी हे विचारायलाच हवं. मुलांची नावं स्क्रीनवर लिहू नका.

अंत्यविधीच्या लाइव्हबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे. गोव्यात हे काम आता फार येतं. मुलगा न्यूझीलंडला, मुलगी लंडनला, विमान मिळत नाही, आणि आईला माती द्यायची वेळ झालेली असते. हे लाइव्ह फक्त लिंक असणाऱ्यांनाच दिसेल असं ठेवा, कमेंट बंद ठेवा. पेटीत ठेवलेला चेहरा दाखवायचा की नाही हे घरच्यांना आधी विचारा, कॅमेरामनने ठरवू नये. सिमेतरीत इंटरनेट नसतं, तेव्हा चर्चमधून निघताना "इथून पुढे रेकॉर्ड करून पाठवतो" असं सांगून थांबा. मध्येच चित्र गोठलं तर पलीकडच्या माणसाचे हाल होतात. आणि नाव, तारीख लिहिताना दोनदा तपासा.

लाइव्हमुळे चर्चमधली गर्दी कमी होणार नाही का?

ज्याला यायचं नव्हतं तो लाइव्ह नसतानाही येत नव्हता. तरी काळजी रास्त आहे, आणि तिचं उत्तर लाइव्ह बंद करण्यात नाही. दर लाइव्हच्या शेवटी पाद्रींनी थेट कॅमेऱ्याकडे बघून एक वाक्य बोलावं: आजारी असाल तर कळवा, आम्ही घरी येतो, बरे असाल तर पुढच्या रविवारी वाट बघतो. ज्या चर्चमध्ये हे मनापासून बोललं जातं, तिथे फोन येतात.

किती जणांनी पाहिलं हे कशावरून समजायचं?

यूट्यूबचा आकडा हे त्याचं माप नाही. एका टीव्हीसमोर चौघं बसलेली असतात आणि यंत्र एकच मोजतं. उलट काही सेकंद बघून पुढे सरकलेलाही फेसबुकवर मोजला जातो. बघायचाच असेल तर लोक सरासरी किती वेळ थांबले हा आकडा बघा. सगळे एकाच मिनिटाला निघून गेले असतील तर बहुधा त्या मिनिटाला आवाज गेला होता.

खरी मोजणी वहीत होते. किती घरांनी फोन केला, प्रार्थनेची विनंती कोणी पाठवली, कोणाच्या घरी माणूस जाऊन आला. कमेंटमध्ये "माझ्या बाबांसाठी प्रार्थना करा" असं कोणी लिहिलं आणि त्याला आठवडाभर उत्तर गेलं नाही, तर त्या लाइव्हने काही साधलं नाही. एका माणसाला फक्त कमेंट वाचायचं काम द्या. वाईट मजकूर काढणं, विचारपूस करणं आणि पाद्रींपर्यंत निरोप पोचवणं हे त्याचं काम.

स्क्रीनवर दानासाठी क्यूआर कोड लावला तर चालेल का?

देशातल्या दानासाठी चालेल. खातं चर्चच्या नावावर हवं, कोणा व्यक्तीच्या नाही, आणि फाब्रिकेच्या (चर्चचा पैसा आणि मालमत्ता सांभाळणाऱ्या समितीच्या) हिशेबात ते यायला हवं.

परदेशातल्या दानाबाबत गोव्यात विशेष जपावं लागतं. भारतीय पासपोर्ट असलेला गोंयकार कुवेतमधून स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेमार्फत पाठवतो तेव्हा ती परकीय देणगी ठरत नाही. पण ज्याने पोर्तुगीज किंवा ब्रिटिश नागरिकत्व घेतलं आहे त्याचं दान २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली (एफसीआरए) येतं, मग तो जन्माने याच वाड्यावरचा असला आणि पैसे रुपयांत दिले तरी. ते घ्यायला चर्चकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते. आपल्या गावागावात पोर्तुगीज पासपोर्टवाले आहेत. म्हणून क्यूआर कोडखाली "फक्त भारतीय नागरिकांसाठी" असं लिहा आणि बाकीच्यांना आधी कार्यालयाशी बोलायला सांगा.

चर्चच्या नावाने खोटं पान निघालं तर?

खरं पान कोणतं ते दर रविवारी सूचनांमध्ये सांगा आणि नोटीस बोर्डावर लावा. "पाद्रींना तातडीने पैसे हवेत" असा मेसेज आला तर आधी फोन करा, असंही त्याच सूचनेत सांगा. चॅनेलचा पासवर्ड एकाच पोराच्या मोबाइलवर नको. चर्चच्या ईमेलवर चॅनेल, दोन जबाबदार माणसांकडे अधिकार आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू.

जुने व्हिडिओ ठेवावेत की काढावेत?

रोजच्या मिस्सा महिन्याभराने काढल्या तरी चालतं. फेस्त, पाद्रींची दीक्षा, चर्चच्या वर्धापनाची मिस्सा जपून ठेवा, आणि त्यांची एक प्रत हार्डडिस्कवर चर्चच्या कपाटात असू द्या, कारण चॅनेल कधीही बंद होऊ शकतं. अंत्यविधीचा व्हिडिओ घरच्यांना पाठवून द्यावा आणि त्यांना विचारूनच काढावा. नोव्हेनाची प्रवचनं मात्र काढू नका. त्यांना वर्षभर कोणी ना कोणी पाहत असतं, आणि प्रत्येकाच्या नावात पाद्रीचं नाव, विषय आणि वर्ष लिहिलं तर ती सापडतात.